डिजिटल रुपयाने रुपया सावरेल का? (सोसायटी ग्रुप)

ए-७०२: मुलीच्या फीचा दुसरा हप्ता भरायचाय. डॉलर परत चढलाय. रिझर्व्ह बँकेने डिजिटल रुपया आणला ना, मग रुपया सावरत का नाही?

बी-१०४: काकू, नोटा छापायचा खर्च वाचला की सावरेल हळूहळू.

सी-५०१: नाही रे बाबा. ताई, जरा लांबलचक लिहितो, कारण मी हे सोसलंय. चार वर्षं नायजेरियात लागोसला नोकरीत होतो, पगार नायरात, म्हणजे तिथल्या चलनात. ऑक्टोबर २०२१ मध्ये तिथे आपल्या डिजिटल रुपयासारखाच ई-नायरा आला. जून २०२३ मध्ये सरकारने नायराचा दर मोकळा, म्हणजे बाजारावर सोडला. डॉलरला ४७० च्या आसपास असलेला नायरा वर्षअखेरीस ९०० च्या वर. पगाराचा आकडा तोच, पण घरी पाठवायचे पैसे निम्म्यावर आले. आईच्या औषधांचे पैसे त्यातूनच जायचे.

ई-नायरा म्हणजे नायराच, फक्त फोनमधला. देशात डॉलर येतात ते मुख्यतः तेल विकून. ते कमी पडले, तर नोट कागदाची आहे की मोबाईलमधली, याने काय फरक पडणार? उलट ऑफिसातली पोरं पगार जमा झाला की त्याच संध्याकाळी फोनवरून डॉलरशी बांधलेली क्रिप्टो घ्यायची. फोनमुळे नायरातून पळ काढणंच सोपं झालं. मला भीती वाटते ती याचीच.

बी-१०४: आणि मागे सोनं ठेवलं तर?

सी-५०१: झिम्बाब्वेने ठेवलं की. एप्रिल २०२४ मध्ये सोनं आणि परकीय चलनाच्या आधारावर झिग हे नवं चलन आणलं, सप्टेंबरमध्ये त्याची किंमत ४३ टक्क्यांनी उतरवावी लागली. एकदा पोळलेली माणसं पुन्हा विश्वास ठेवत नाहीत.

ए-७०२: म्हणजे उपयोग शून्य?

सी-५०१: तसंही नाही. बहामामध्ये बेटं विखुरलेली, सगळीकडे बँक नाही, तिथे २०२० पासूनचा सँड डॉलर, म्हणजे त्यांचं डिजिटल चलन, कामाचा आहे. पण त्यांचं चलन आधीपासूनच अमेरिकी डॉलरशी एकास एक बांधलेलं. आपल्याकडेही फोर्टात रिझर्व्ह बँकेबाहेरचा फळवाला सुरुवातीलाच ई-रुपया घेऊ लागला होता. केळ्यांचे पैसे चुकते होतात, डॉलरचा दर हलत नाही.

ए-७०२: मग फीचं काय करू?

सी-५०१: सगळी रक्कम एकाच दिवशी बदलू नका. तारखा घेऊन संध्याकाळी या, बसून बघू.