'स्पटरिंग टार्गेट'ला मराठीत काय म्हणावं?

जुनीवही
एका तंत्रनिकेतनातल्या प्रयोगशाळेसाठी यंत्राची माहितीपुस्तिका मराठीत करते आहे. काचेवर किंवा सिलिकॉनच्या चकतीवर धातूचा अगदी पातळ थर चढवणारं यंत्र. निर्वात पेटीत थोडा आरगॉन सोडतात. काहीशे व्होल्टच्या ओढीने आरगॉनचे आयन कॅथोडवर बसवलेल्या शुद्ध धातूच्या चकतीवर आदळतात, तिच्यातले अणू उडवतात, आणि ते अणू समोरच्या काचेवर जाऊन बसतात. या पद्धतीला स्पटरिंग आणि या चकतीला टार्गेट म्हणतात. कोशात 'लक्ष्य' मिळालं आणि तिथेच अडले. मूळ सूचना अशी: टार्गेट संपत आलं की बदलावं. "लक्ष्य संपत आल्यावर बदलावे" यातून विद्यार्थ्याला काय कळणार? आणि "उच्च शुद्धतेचे लक्ष्य" वाचलं की शुद्धतेचं ध्येय बाळगा असा उपदेश वाटतो. पुस्तिका महिनाअखेरीस छपाईला जायची आहे.

पितळी_दरवाजा
टार्गेटच ठेवा. मी काचेवर थर चढवणाऱ्या कारखान्यात बरीच वर्षं काढली. तिथे महिन्याच्या उत्पादनालाही टार्गेट म्हणतात आणि चकतीलाही. उत्पादनाचं टार्गेट 'पूर्ण होतं', चकतीचं 'संपतं'. क्रियापदच सगळं सांगतं, कुणाचा कधी गोंधळ झाला नाही. जो शब्द पाळीवरचा प्रत्येक माणूस रोज वापरतो तो पुस्तिकेतून काढायचा आणि ज्याला कोश उघडावा लागेल तो घालायचा, हे मला पटत नाही.

वेध_घेणारा
पटत नाही म्हणून सोडून द्यायचं असतं तर 'महापौर' कधीच रुळला नसता. शब्द आधी घडवावा लागतो, मग तो तोंडात बसतो. संस्कृतात 'शरव्य' आहे, ज्यावर बाण सोडायचा ते. जड वाटत असेल तर 'वेध्य' घ्या. "वेध्य चकती" म्हटलं की ध्येयाचा अर्थ डोकावणार नाही.

तर्जनी
इंग्रजी शब्दाचा जन्म बघा. टार्गेट हे मुळात 'टार्ज' या ढालीचं लघुरूप. छोटी गोल ढाल. नेमबाजीच्या सरावासाठी ढालीच्या आकाराची खूण उभी करू लागले आणि अर्थ सरकला. आता या यंत्रात बघा: गोल चकती, समोरून येणारा मारा अंगावर घेणारी. म्हणजे ढालच की. मला हा शब्द फार आवडेल.

पितळी_दरवाजा
ढाल नको. पेटीत ढाली आधीच आहेत. टार्गेटच्या कडेने आणि भिंतींवर पत्रे लावलेले असतात, त्यांना शील्ड म्हणतात. नको तिथे थर बसू नये म्हणून ते असतात आणि ठरावीक काळाने काढून साफ करावे लागतात. तंत्रज्ञाला "ढाल काढ" म्हटलं तर तो ते पत्रे काढेल.

जुनीवही
हे फार उपयोगी पडलं. ढाल बाद. आणि 'स्पटरिंग'चं काय? मी कच्च्या मसुद्यात 'तडतडणे' लिहिलंय.

सांद्रता
तडतडणे नको, मनापासून सांगते. मोहरी उष्णतेने तडतडते. इथे धातू वितळत नाही, उकळत नाही. आयन येऊन धक्का देतो, तो धक्का आतल्या आत एका अणूकडून दुसऱ्याकडे जातो, आणि पृष्ठभागावरचा अणू सुटून बाहेर पडतो. बहुतेक एकेकटे अणू. थेंब किंवा कण उडाले तर तो दोष समजतात, त्या थराची काच बाद होऊ शकते. त्यामुळे 'तडतडणे' आणि 'शिंतोडे' हे शब्द नेमके बिघाडाचं वर्णन करतात. तापवून वाफ करण्याची पद्धत वेगळी, तिला बाष्पन म्हणतातच. इथे 'कणक्षेपण' बरं.

वेध_घेणारा
कणक्षेपणाला माझा पाठिंबा. जर्मन भाषेत 'त्सेर्श्टॉयबुंग' म्हणतात, त्यात 'श्टाउब' म्हणजे धूळ. त्यांनी आपल्या घरच्या धुळीतून शब्द काढला. आपण का नाही?

तर्जनी
मग 'क्षेपण' तरी कशाला, 'उडवण' म्हणा. घरचं म्हणून संस्कृत देता आणि धुळीचं कौतुक करता!

सहाण
मूळ प्रश्नाकडे येते. ही चकती झिजते, आणि तिची झीज दुसऱ्याच्या अंगावर पातळ थर होऊन बसते. देवघरात चंदनाचं हेच होतं. सहाणेवर जे उगाळतो त्याला आपण 'खोड' म्हणतो आणि कपाळावर लागतं ते गंध. टार्गेटला 'खोड' म्हणा. "खोड संपत आलं की बदलावं" हे वाक्य कुणालाही कळेल. माऱ्याच्या बाजूने बघितलं तर ते लक्ष्य, पण वापरणाऱ्याच्या दृष्टीने तो झिजणारा माल आहे, आणि नाव वापरणाऱ्याच्या बाजूने असावं.

पितळी_दरवाजा
विचार चांगला आहे. फक्त एक भर. खोड सगळीकडून सारखं झिजतं, सपाट टार्गेट तसं झिजत नाही. मागे चुंबक असतात, त्यामुळे शर्यतीच्या धावमार्गासारखा लंबगोल चर पडतो. चर तळाच्या तांब्याच्या पट्टीला भिडायच्या आत टार्गेट उतरवावंच लागतं. म्हणजे 'संपलं' म्हणतो तेव्हा निम्म्याहून जास्त धातू शिल्लक असतो. तो परत शुद्धीकरणाला जातो. इंडियम, प्लॅटिनम असेल तर काटेकोर तोलून. मोठ्या काचांसाठी नळीसारखी फिरणारी टार्गेटं आली ती याचसाठी, ती चौफेर झिजतात आणि पुष्कळ जास्त वापरली जातात. ती मात्र खरंच खोडासारखी दिसतात.

पंचगंगा
टार्गेटचं तुम्ही ठरवा, पण 'उच्च शुद्धतेचे' हे भाषांतर काढून टाका ही विनंती. आमचं काम हुपरीच्या चांदीचं. शुद्धतेचे शब्द मराठीत भरपूर आहेत. कस, टंच, चोख, निखळ, बावनकशी. आणि त्यात जे मिसळलेलं असतं ते हीण. हीण इतका नेमका शब्द 'अशुद्धी'त नाही.

सांद्रता
हीण! हा शब्द मी उचलते. आमच्या कामात शुद्धता 'नाइन'मध्ये मोजतात. चार नाइन म्हणजे ९९.९९ टक्के, पाच नाइन म्हणजे ९९.९९९. पाच नाइनमध्ये हीण लाखात एक भाग. आणि ते कशाचं आहे यावर सगळं ठरतं. सोडियम, पोटॅशियम असेल तर ते ट्रान्झिस्टरच्या ऑक्साइडमध्ये सरकतात आणि त्याचं वागणंच बदलतं. युरेनियम, थोरियमचा अंश असेल तर अल्फा कण सुटतात आणि मेमरीतला शून्य एक होतो. सोनाराचं हीण भाव पाडतं, हे हीण चिप मारतं. आणखी एक. धातूचे 'नाइन' मोजताना त्यात अडकलेला ऑक्सिजन, नायट्रोजन सहसा धरत नाहीत, तो दाखल्यावर वेगळा लिहितात. पुस्तिकेत हे जरूर घाला.

वेध_घेणारा
हीण म्हणजे संस्कृत 'हीन'च. हिणकस = हीन कस असलेलं.

पंचगंगा
असेल. पण आमच्याकडे हीण हे नाम आहे, वस्तू आहे, ती मुशीत वेगळी होते. 'हीन' हे विशेषण. मूळ एक असलं तरी आज शब्द दोन आहेत.

जुनीवही
पाच नाइनला 'बावनकशी' म्हणता येईल का?

सांद्रता
नको. बावनकशी हा गौरव आहे, मोजमाप नाही. हॉलमार्कचं २२ कॅरेट म्हणजे ९१६, हजारात चौऱ्याऐंशी भाग दुसरं काही. चोख सोनं ९९९, ते फक्त तीन नाइन. पाच नाइनमध्ये त्याच्या शंभरावा हिस्सा हीण राहतं. तिथे आकडाच लिहावा.

तर्जनी
बावन आकडा आला कुठून? कसोटीच्या दगडावर बावन वेळा घासून, असं आजोबा सांगायचे.

वेध_घेणारा
बावन वेळा घासणं मला पटत नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शुद्ध सोनं सोळा वर्णांचं आहे. हिंदीत 'बारहबानी' म्हणजे चोख सोनं, आणि तो 'बान' म्हणजे वर्णच. प्रत्येक ठिकाणी कसाच्या पायऱ्या वेगळ्या होत्या. बावन ही त्यातलीच एक मोजणी असणार.

सहाण
म्हणजे कस आधी रंगावरून ओळखायचे आणि पायऱ्या पाडायचे. मग 'नाइन' या आजच्या पायऱ्याच झाल्या. 'पाच नवी' म्हणावं का?

पितळी_दरवाजा
'पाच नाइन' सगळे बोलतात. राहू द्या.

जुनीवही
सध्या पहिल्या उल्लेखाला 'टार्गेट (झिजणारी चकती)' आणि पुढे नुसतं टार्गेट असं करते आहे. 'हीण' घेतलं. 'खोड' अजून मनात घोळतंय. कुणाला काय वाटतं?

तर्जनी
ते बघू, पण पंचगंगा, तुमचा 'टंच' कुठला? मला वाटतं तो इंग्रजी 'टच'. कसोटीवर घासण्याला इंग्रजीतही टचच म्हणतात.

पंचगंगा
कणीस दाण्यांनी 'टच्च' भरतं तसा चांदीने भरलेला तो टंच, असं आमचे वडील सांगत. शेकडा चांदी किती, तो टंच. इंग्रज येण्याआधी इथे चांदी तपासत नव्हते का?

तर्जनी
तपासत होते, पण तेव्हाचा शब्द कस होता. टंच जुन्या कागदांत कुणाला दिसला असेल तर सांगा.

वेध_घेणारा
गुजरातेत आणि राजस्थानातही सराफ टंचच म्हणतात. सराफी पेढ्यांबरोबर आलेला शब्द असू शकेल. वह्या बघायला हव्यात.