स्वमग्न (ऑटिस्टिक) मुलाला जे जमतं ते गणिताच्या पाठात कसं आणू?

गणित_बीएड:
बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, आंतरवासिता सुरू आहे. पाचवीच्या वर्गात एक स्वमग्न मुलगा आहे. शिष्यवृत्तीच्या सरावासाठी फळ्यावर एक मोठा त्रिकोण काढला, प्रत्येक बाजूचे तीन समान भाग करून आत बाजूंना समांतर रेषा मारल्या. आकृतीत त्रिकोण किती? कुणी नऊ म्हणालं, कुणी दहा. हा मान वर करून म्हणाला, ‘तेरा.’ बरोबर! ‘कसे मोजलेस?’ म्हटलं तर गप्प, आणि कान झाकून घेतले. शिक्षकखोलीत त्याला काय जमत नाही एवढंच बोललं जातं. मला त्याची ही नजर पाठात आणायची आहे, पण त्याचं प्रदर्शन नको. कसं करू?

विशेष_शिक्षिका_सांगली:
ही नजर खरीच असते. अमिता शाह आणि उटा फ्रिथ यांनी 1983 मध्येच दाखवलंय की गुंतागुंतीच्या चित्रात दडलेला आकार शोधण्यात स्वमग्न मुलं त्याच मानसिक वयाच्या इतर मुलांपेक्षा सरस ठरली. अर्थात प्रत्येक स्वमग्न मूल गणितात हुशार असतं असं नाही, तसं धरून चालू नका. ‘कसे मोजलेस’ विचारण्याऐवजी रंगीत पेन्सिली द्या. छोटे नऊ लाल, मधले तीन निळे, मोठा एक हिरवा. तोंडानेच सांगायला हवं असं कुठे आहे? आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आहे, त्यामुळे अशी सोय करणं ही मेहेरबानी नव्हे.

आई_डोंबिवली:
ताई, एक कळकळीने सांगते, आवडीची लाच करू नका. माझ्या मुलाला नकाशांचं वेड. एका बाईंनी ॲटलास कपाटात ठेवला, ‘आधी लिहून संपव, मग मिळेल.’ लिहिणं काही वाढलं नाही, शाळा मात्र नकोशी झाली. पुढच्या बाईंनी प्रमाण शिकवलं तेच नकाशावरून, मुंबई ते नागपूर पट्टीने मोजून. पठ्ठ्याने वही भरवली! कान कधी झाकतो ते त्याच्या आईला विचारा, तिला नक्की ठाऊक असेल.

मुद्रितशोधक:
मी स्वतः स्वमग्न आहे. वर्गात टाळ्या वाजल्या की मला पळून जावंसं वाटायचं. शाबासकी वहीत लिहा, आणि नेमकी लिहा: ‘एकमेकांत शिरलेले तिन्ही त्रिकोण तुला दिसले.’ नुसतं ‘छान’ लिहिलं तर काय छान ते कळत नाही.

गणित_बीएड:
मनापासून आभार. पाठ टाचणात ‘रंगवून दाखवलेलं उत्तरही पूर्ण धरावं’ असं लिहिलंय, उद्या मार्गदर्शक सरांची सही घेते. पेन्सिली सगळ्या वर्गालाच देणार आहे. त्याच्या आईशी शनिवारी बोलते.