जुन्या पॉवरशॉटवर विजांचे फोटो: पुस्तिकेत नसलेल्या युक्त्या सांगा

बालाघाटी (अंबाजोगाई):
नमस्कार मंडळी. माझ्याकडे कॅनन पॉवरशॉट एसएक्स 150 आयएस आहे, 2011 चं मॉडेल. चांगला जपलाय. रोहिण्या लागल्या की आमच्या गॅलरीतून डोंगराकडं रात्रभर विजा दिसतात, त्या टिपायच्यात. मॅन्युअल मोडला 15 सेकंद शटर उघडं ठेवतो. पण फोटो झाला की पुढं जवळजवळ तेवढाच वेळ कॅमेरा 'बिझी' दाखवतो आणि नेमकी तेव्हाच वीज चमकते. सगळा मेनू बघितला, हे बंद करायचं बटण नाही. काही आतली युक्ती आहे का? बजेट 2000 रुपये. नवा कॅमेरा घ्यायचा नाही.

गोदाकाठचा_पक्षीवेडा (पैठण):
नवाच घ्या हो. नाथसागरावर हिवाळ्यात रोहित येतात तेव्हा माझी 150-600 ची लेन्स बघून लोक थांबून विचारतात. चांगली वस्तू एकदाच घ्यायची. जुना डीएसएलआर (लेन्स बदलता येणारा कॅमेरा) आणि लेन्स मिळून 35-40 हजारांत बसेल.

गंजगोलाई_वाला (लातूर):
2000 म्हटलेत ते, 40 हजार कुठून आणायलाव? माझं ऐका, मोबाईलवर व्हिडिओ लावून ठेवा आन् त्यातून वीज चमकलेली फ्रेम काढा. मी तसंच करायलो, स्टेटसला टाकला की पन्नास जण विचारतेत.

विष्णुपुरी_61 (नांदेड):
व्हिडिओतली फ्रेम छापायला घेतली की फुटते. मूळ प्रश्नावर येऊ.

तो 'बिझी' म्हणजे बिघाड नाही. लांब शटरच्या फोटोनंतर कॅमेरा शटर मिटून तेवढ्याच वेळाचा दुसरा, काळा फोटो घेतो. सेन्सर (प्रकाश टिपणारा भाग) तापल्यामुळं जे ठिपके उमटतात ते या काळ्या फोटोत दिसतात, मग ते पहिल्यातून वजा करतो. याला डार्क फ्रेम म्हणतात.

ते बंद करायचं तर सीएचडीके. हे कॅनन कंपनीचं नाही, हौशी प्रोग्रामरांनी केलेलं मोफत सॉफ्टवेअर आहे. मेमरी कार्डावरून चालतं, कॅमेऱ्याचं मूळ फर्मवेअर (त्याला चालवणारं आतलं सॉफ्टवेअर) बदलत नाही, कार्ड काढलं की कॅमेरा होता तसा. त्यात रॉ (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेले) फोटो, ठरावीक वेळानं आपोआप क्लिक आणि डार्क फ्रेम बंद करायची सोय मिळते. हालचाल दिसली की क्लिक करणारी स्क्रिप्टही आहे, विजांसाठी लोक ती वापरतात.

किल्लेदार (नळदुर्ग):
असलं काही टाकू नका. माझ्या भाच्यानं कुठल्याशा साइटवरून फर्मवेअर उतरवून टाकलं, कॅमेरा परत उघडलाच नाही. दुरुस्तीवाल्यानं दोन महिने ठेवून तसाच परत दिला, वर तपासणीचे पैसे घेतले. वॉरंटी पण जाते.

वेरूळवारी:
2011 च्या कॅमेऱ्याला कसली वॉरंटी! आणि फर्मवेअर बदलणं वेगळं, कार्डावरून चालवणं वेगळं. माझ्या कॅनन 600डी डीएसएलआरवर मॅजिक लँटर्न (सीएचडीकेसारखंच कार्डावरून चालणारं सॉफ्टवेअर) आहे, काही झालेलं नाही. फोकस नेमका कुठं आहे ते रंगानं दाखवतं, कैलास लेण्यातल्या अंधाऱ्या ओवऱ्यांत फार कामाला येतं. अजिंठ्यात फ्लॅशला बंदी आहे, तिथंही हेच उपयोगी.

गोदाकाठचा_पक्षीवेडा:
बघा, शेवटी डीएसएलआरच.

तुरीचं_पोतं (परभणी):
ट्रायपॉडवर पैसे घालू नका. किलोभर तूर कापडी पिशवीत भरा, कठड्यावर ठेवा, त्यात कॅमेरा दाबून बसवा. तसूभर हलत नाही. क्लिक करताना हात लागतो म्हणून 2 सेकंदांचा टायमर लावा. आणि पॉवरशॉटमध्ये कस्टम टायमर असतो, त्यात एका क्लिकमध्ये 10 फोटोंपर्यंत लावता येतात. फोकस मॅन्युअल करून अनंतावर ठेवा, अंधारात ऑटो फोकस नुसता चाचपडत राहतो.

गंजगोलाई_वाला:
सेल पण चांगले घ्या. त्यात दोन एए सेल लागतेत, साधे लवकर बसतेत. चार्जिंगचे निकेलवाले घ्या.

विष्णुपुरी_61:
@बालाघाटी, करणार असाल तर आधी फर्मवेअरचा नंबर बघा. हे पुस्तिकेत नाही. संगणकावर 'व्हर्स' नावाची रिकामी फाइल करा, एक्स्टेंशन टीएक्सटी ऐवजी 'आरईक्यू' (म्हणजे vers.req). विंडोज शेवटी टीएक्सटी लपवून ठेवतं, ते नीट तपासा, बहुतेकांचं तिथंच अडतं. फाइल कार्डावर टाका, फोटो बघायच्या मोडमध्ये कॅमेरा चालू करा, फंक-सेट बटण दाबून धरून डिस्प बटण दाबा. नंबर दिसेल. स्टिक नावाचं टूल हे काम तुम्ही काढलेल्या एखाद्या फोटोवरून करतं आणि कार्डही तयार करून देतं. मग कार्डाच्या कडेची लॉकची पट्टी सरकवली की सीएचडीके आपोआप सुरू होतं, फोटोही साठतात.

मात्र उन्हाळी रात्री सेन्सर गरम असतो. डार्क फ्रेम बंद केली की पांढरे ठिपके येणारच. अधूनमधून लेन्ससमोर काळं कापड धरून तेवढ्याच वेळाचा एक फोटो घ्या, तो नंतर संगणकावर वजा करता येतो.

किल्लेदार:
आणि विजेत गच्चीवर जाऊ नका. विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप ठेवा. चमकल्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजून 3 नं भागा, तेवढे किलोमीटर. 30 सेकंदांच्या आत आवाज आला तर गॅलरीतूनही आत या.

तुरीचं_पोतं:
वळवाला झाडाखाली तर मुळीच थांबू नये. आमच्याकडं दरसाल शेतात माणसं आणि जनावरं जातात. फोटो खिडकीतूनही निघतो.

बालाघाटी:
सगळ्यांचे आभार. फाइलची युक्ती लगेच चालली, नंबर दिसला.

माझा निर्णय सांगतो. ओळखीच्या स्टुडिओवाल्याकडं असाच दुसरा एसएक्स 150 पडून आहे, 1500 ला देतोय. तो घेतला. एक 'बिझी' झाला की दुसऱ्याचं शटर उघडायचं, दोन्ही डोंगराच्या दिशेनं, खिडकीच्या आतून. आकाशावर सतत एका तरी कॅमेऱ्याची नजर राहील आणि ठिपके वजा करायचं काम कॅमेरेच करतील. उरलेल्या पैशांत सेल. सीएचडीके नंतर दुसऱ्यावरच करून बघेन.

गोदाकाठचा_पक्षीवेडा:
एकाच जातीचे दोन जुने कॅमेरे! दोन-चार महिने थांबून पैसे साठवले असते तर बरं झालं असतं.

विष्णुपुरी_61:
चालेल की. फक्त दुसऱ्याचाही नंबर वेगळा बघा. मॉडेल तेच असलं तरी फर्मवेअरचा नंबर वेगळा असू शकतो, आणि सीएचडीकेची फाइल त्या नंबरचीच लागते.