१२ जणांच्या ऑफिससाठी मशीन: डेस्कटॉपचा प्रोसेसर की सर्व्हरचा?

हिशेबवही
नमस्कार मंडळी. जळगावातल्या सीए ऑफिससाठी एक मशीन घ्यायची आहे. १२ जण रिमोट डेस्कटॉपने त्यावरच काम करणार. काम म्हणजे टॅली, भरपूर एक्सेल, ब्राउझरमध्ये पोर्टलं आणि रिटर्न भरायचं सॉफ्टवेअर, ज्याला एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस लागतो. विंडोज सर्व्हर स्टँडर्ड टाकणार आहोत. मशीन २४ तास चालू राहील. खोलीला एसी आहे, पण संध्याकाळी ७ नंतर बंद होतो, आणि इथला मे महिना सगळ्यांना ठाऊक आहे.

दोन कोटेशन आली आहेत.

पहिलं: रायझेन ९ ७९५०एक्स, ६४ जीबी डीडीआर५ (१६ च्या ४ स्टिक), १ टीबी एनव्हीएमई एसएसडी.

दुसरं: झिऑन ई५-२६८० व्ही४ दोन नग, १२८ जीबी ईसीसी रॅम (म्हणजे चुका ओळखून सुधारणारी). प्रोसेसर आणि रॅम वापरलेले, बोर्ड नवा पण अनोळखी ब्रँडचा. हे पहिल्यापेक्षा बरंच स्वस्त आहे. विक्रेता म्हणतो, डेस्कटॉपचा प्रोसेसर २४ तास चालायला बनवलेलाच नसतो, शिवाय इथे २८ कोअर मिळताहेत.

त्याच्या बोलण्यात किती तथ्य आहे?

तांब्याचीतार
पहिल्या अर्ध्या वाक्यात काहीच नाही. सिलिकॉन चोवीस तासांनी थकत नाही. मशीन बंद पडते ती बहुतेक वेळा पॉवर सप्लाय, पंखा, एसएसडी, रॅम नाहीतर बोर्डामुळे. अलीकडचा मोठा अपवाद इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीतल्या डेस्कटॉप प्रोसेसरांचा. जास्त व्होल्टेज मागून ते हळूहळू अस्थिर होत होते. ऑगस्ट आणि सप्टेंबर २०२४ मध्ये त्यावर मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचनांच्या दुरुस्त्या, आल्या; त्या बायॉसमधून मिळतात, म्हणजे बायॉस त्यानंतरचा हवा. तुमच्या दोन्ही कोटेशनांना हे लागू नाही.

आता २८ कोअरांबद्दल. ई५-२६८० व्ही४ हा २०१६ चा प्रोसेसर. १४ कोअर, मूळ वेग २.४ गिगाहर्ट्झ, एकाच कोअरवर काम असेल तर ३.३ पर्यंत चढतो. ७९५०एक्सचा एक कोअर ५.७ पर्यंत जातो आणि दर हर्ट्झमागे कामही जास्त उरकतो. तेव्हा एका कोअरचा वेग दुपटीहून जास्त धरा. रिमोट डेस्कटॉपवर बसलेल्या माणसाला जाणवतो तो एका कोअरचा वेग. शीट उघडताना, लेजर काढताना, पोर्टलचं पान चढताना एखाद-दुसराच कोअर घाम गाळत असतो, बाकीचे २६ मांडी घालून बसलेले असतात. १२ जण एकदम खरं जोराचं काम करतील असा क्षण दिवसातून फारसा येत नाही.

आणि स्वस्त मशीन महाग पडते ती लायसन्समध्ये. विंडोज सर्व्हर स्टँडर्डचं लायसन्स कोअरवर मोजतात, किमान १६. दोन झिऑनचे २८ कोअर होतात, म्हणजे १६ च्या मूळ लायसन्सवर आणखी १२ कोअरचं घ्यावं लागेल. १६ कोअरचा एकच प्रोसेसर मूळ लायसन्समध्ये बसतो. उलट बाजूही ध्यानात ठेवा: ८ कोअरचा घेतलात तरी पैसे १६ चेच. याशिवाय १२ जणांची सर्व्हर कॅल (कॅल म्हणजे वापरणाऱ्यामागे घ्यायचा परवाना) आणि १२ जणांची रिमोट डेस्कटॉप कॅल, दोन्ही वेगवेगळ्या लागतात. कोटेशनमध्ये दुसरी हमखास गाळलेली असते. विंडोज ११ वर पॅच मारून १२ जणांना बसवायचा 'जुगाड' कोणी सुचवला तर नको म्हणा. तो लायसन्सचा भंग आहे, आणि सीए ऑफिसात तर नकोच.

वीज: दोन सॉकेटची ती जुनी मशीन रिकामी असतानाही १०० ते १२० वॉट सहज ओढेल, नव्या डेस्कटॉपवर ५०-६० मध्ये भागेल. फरक ६० वॉट धरला तर वर्षाला सुमारे ५२५ युनिट. तुमच्या बिलातल्या दराने गुणून पाहा, आणि एसीचं वेगळं.

रॅमराव
तारवाल्यांशी सहमत, पण पहिलं कोटेशनही जसंच्या तसं घेऊ नका. त्यात माझ्या मते तीन चुका आहेत.

एक, चार स्टिक. रायझेन ७००० मध्ये मेमरीचे चॅनेल दोनच. दोन स्टिक लावल्या तर रॅमचा अधिकृत वेग ५२०० (मेगाट्रान्स्फर प्रति सेकंद), चार लावल्या की ३६००. ६४ जीबी हवी तर ३२ च्या दोन घ्या. पुढे जागाही शिल्लक राहते.

दोन, रॅम साधी आहे. हिशेबाची मशीन आहे, एक बिट उलटला आणि तोच आकडा डिस्कवर लिहिला गेला तर कोणाला पत्ताही लागणार नाही. ईसीसी घ्याच. "डीडीआर५ मध्ये ईसीसी असतेच" असं दुकानात ऐकवतील. ती चिपच्या पोटातली असते. चिपमधून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर झालेली चूक तिला दिसत नाही आणि चूक झाली होती हे ती ऑपरेटिंग सिस्टिमला सांगतही नाही. खऱ्या ईसीसी स्टिकवर त्यासाठी जादा चिप असतात.

इथेच खरेदीत सगळ्यात जास्त गोंधळ होतो. ईसीसी रॅम दोन जातींची: यूडीआयएमएम आणि आरडीआयएमएम, म्हणजे रजिस्टर्ड. रायझेनला आणि छोट्या झिऑन ई मालिकेला यूडीआयएमएम लागते. मोठ्या झिऑनला आणि एपिक ९००० ला (एएमडीचे मोठे सर्व्हर प्रोसेसर) आरडीआयएमएम. डीडीआर४ मध्ये चुकीची जात खाचेत बसायची, फक्त मशीन सुरू व्हायची नाही. डीडीआर५ मध्ये खाचच वेगळी आहे, कारण यूडीआयएमएमला बोर्डाकडून ५ व्होल्ट मिळतात आणि आरडीआयएमएमला १२. बसत नसेल तर जोर लावू नका. बाजारात जी स्वस्त वापरलेली ईसीसी रॅम दिसते ती जवळजवळ सगळी रजिस्टर्ड असते, डेस्कटॉपला तिचा उपयोग नाही.

तीन, ७९५०एक्सच का? त्याचा टीडीपी, म्हणजे कंपनीने सांगितलेला उष्णतेचा आकडा, १७० वॉट, प्रत्यक्षात सॉकेटमधून २३० पर्यंत ओढतो, आणि ९५ अंशांपर्यंत तापणं त्याच्या स्वभावातच आहे. एसी बंद, खोली ४० वर, असल्या जागी साधा ७९०० बरा: १२ कोअर, ६५ वॉट, ५.४ गिगाहर्ट्झपर्यंत. ७९५०एक्स आधीच घेतला असेल तर बायॉसमध्ये इको मोड लावून १०५ किंवा ६५ वॉटवर आणा, वेग थोडाच कमी होतो.

हिशेबवही
धन्यवाद दोघांनाही. मग रायझेनमध्ये ईसीसी नक्की चालते ना? दुकानदार म्हणतो "चालेल बहुतेक". ते 'बहुतेक' मला झेपत नाही. आणि ६४ जीबी पुरेल का?

रॅमराव
६४ चा हिशेब असा. एका माणसाचं सत्र, एक्सेल आणि ब्राउझरच्या १०-१५ टॅबसह, ३ जीबी धरा. १२ जणांचे ३६. विंडोजला ६. एसक्यूएल एक्सप्रेस स्वतःच्या बफरसाठी दीड जीबीच्या आतच थांबतो, त्याला मोठी रॅम देऊन उपयोग नाही. ५० च्या आत भागतं. खाणारा असतो तो ब्राउझर. ग्रुप पॉलिसीतून निष्क्रिय टॅब झोपवायची सोय चालू करा.

ईसीसीचं 'बहुतेक' खरं आहे, कारण रायझेनमध्ये ते बोर्ड बनवणाऱ्यावर अवलंबून असतं. काही बोर्डांवर ईसीसी स्टिक चालते, पण साध्या रॅमसारखी. म्हणून बोर्डाच्या तपशिलात 'ईसीसी सपोर्ट' स्पष्ट लिहिलेलं पाहा आणि मशीन हातात आल्यावर तपासा. विंडोजमध्ये पॉवरशेलमधून डब्ल्यूएमआय (मशीनची माहिती देणारी विंडोजची सोय) च्या 'फिजिकल मेमरी अ‍ॅरे' क्लासमधली 'मेमरी एरर करेक्शन'ची किंमत काढा. ५ किंवा ६ आली तर ईसीसी चालू, ३ आली तर नाही. हे पैसे देण्याआधी करायचं.

'बहुतेक' अजिबात नको असेल तर एपिक ४००४ मालिका पाहा, मे २०२४ मध्ये आली. नाव सर्व्हरचं, पण सॉकेट तोच एएम५ आणि आतलं सिलिकॉन रायझेन ७००० चंच. ४४६४पी म्हणजे १२ कोअर, ६५ वॉट, ५.४ गिगाहर्ट्झ. ७९०० शेजारी ठेवून बघा, आकडे तेच. फरक एवढाच की ईसीसीची जबाबदारी कंपनी घेते आणि सर्व्हर बोर्डवाले त्याची चाचणी करतात. तेव्हा डेस्कटॉप की सर्व्हर हा प्रश्न या टप्प्यावर प्रोसेसरचा उरतच नाही, बोर्डाचा होतो.

रॅकवाला
बोर्डाचा विषय निघालाच आहे तर मी दुसऱ्या बाजूने बोलतो. सर्व्हर बोर्डावर बीएमसी नावाची वेगळी चिप असते, तिला स्वतःचं नेटवर्क पोर्ट. मशीन बंद असली, विंडोज लटकलं असलं, तरी घरून तिचा स्क्रीन दिसतो, बायॉसमध्ये जाता येतं, बंद-चालू करता येतं. रविवारी रात्री अपडेटनंतर मशीन वर आली नाही आणि ऑफिसची किल्ली गावाला गेलेल्या माणसाकडे असली की तिची किंमत कळते. मात्र बीएमसीचं पोर्ट थेट इंटरनेटवर उघडू नका, व्हीपीएनच्या आतच ठेवा, आणि पासवर्ड पहिल्या दिवशी बदला.

दुसरा मुद्दा कोणी काढला नाही: विंडोज सर्व्हर आणि डेस्कटॉप बोर्ड यांचं पटत नाही. इंटेलची आय२२५-व्ही, आय२२६-व्ही असली डेस्कटॉप नेटवर्क चिप असेल तर तिचा ड्रायव्हर विंडोज सर्व्हरवर सरळ बसत नाही, इन्स्टॉलर नकार देतो. फाईल बदलून बसवता येतो, पण पुढच्या अपडेटला पुन्हा तीच कटकट. आय२१० किंवा आय३५० चं कार्ड टाका, प्रश्न मिटतो. सर्व्हर बोर्डावर बहुधा हीच चिप असते.

म्हणून माझं मत: झिऑन ई-२४०० चा नव्या ब्रँडेड टॉवरचाही भाव काढा. ८ कोअरपर्यंतच मिळतो, पण १२ जणांना ८ वेगवान कोअर पुरतात. सोबत ३ किंवा ५ वर्षांची जागेवर येऊन दुरुस्ती मिळते.

तांब्याचीतार
दुरुस्तीबद्दल रॅकवाल्यांशी थोडं भांडण आहे. 'पुढच्याच कामाच्या दिवशी माणूस येईल' हे अशा वॉरंटीत कागदावर असतं. जिल्ह्याच्या गावी सर्व्हरचा बोर्ड स्टॉकमध्ये नसतो, मोठ्या शहरातून येतो. एएम५ चा बोर्ड आणि पॉवर सप्लाय स्थानिक बाजारात त्याच दिवशी मिळतो. वॉरंटी घेणार असाल तर आधी विचारा की सुटा भाग कोणत्या गावातून येतो, आणि उत्तर लेखी घ्या. बीएमसी आणि नेटवर्क कार्डाचं त्यांचं म्हणणं मात्र बरोबर आहे.

पैसे वाचलेच तर ते डिस्कवर घाला. कोटेशनमधली एक एसएसडी ही सगळ्यात धोक्याची गोष्ट आहे. दोन घ्या, आरसा पद्धतीने, म्हणजे रेड १. बोर्डाच्या बायॉसमधलं रेड वापरू नका, बोर्ड गेला की डेटा वाचायला तसाच बोर्ड शोधत बसाल. वीज गेल्यावर लिहिता-लिहिता राहिलेला डेटा वाचवणाऱ्या, म्हणजे कपॅसिटर असलेल्या एंटरप्राइज एसएसडी घ्या. त्यांतल्या एम.२ (बोर्डावरच्या खाचेत बसणाऱ्या पट्टीच्या आकाराच्या) बहुतेक ११० मिमी लांब असतात आणि डेस्कटॉप बोर्डाच्या पुष्कळ खाचांत ८० मिमीचीच बसते. मापं आधी बघा. आणि रेड म्हणजे बॅकअप नव्हे, कोणीतरी उडवलेली फाईल दोन्ही डिस्कांवरून एकदमच उडते.

हिशेबवही
बरं. मग मोठे सर्व्हर प्रोसेसर घ्यायचे तरी कोणी? मित्राच्या ऑफिसात वापरलेला एपिक लावलाय, तोही स्वस्तात मिळतोय म्हणे.

रॅकवाला
ज्यांना कोअरपेक्षा आजूबाजूचं जास्त लागतं त्यांनी. रॅम २५६ जीबीच्या पलीकडे, तीन-चार ग्राफिक्स कार्डं, डझनभर एनव्हीएमई, नाहीतर द्रवगतिकीचं गणित, ज्यात मेमरीतून सेकंदाला किती डेटा ये-जा करतो (बँडविड्थ) हेच सगळं ठरवतं. रायझेन ७००० कडे वापरता येण्याजोग्या पीसीआयई लेन (कार्डं आणि एनव्हीएमई जोडायच्या वाटा) २४, एपिक ९१२४ कडे १२८. मेमरी चॅनेल दोनाऐवजी १२: ४८०० च्या रॅमवर सेकंदाला ४६०.८ जीबी. दोन चॅनेलवर ५२०० ची रॅम लावली तर ८३.२. पण १२ चॅनेलचा प्रोसेसर घेऊन दोनच स्टिक लावणारे लोक असतात, त्यांच्या हाती ७६.८ पडतात, म्हणजे डेस्कटॉपपेक्षा कमी. शिवाय ९१२४ चा वेग ३.७ गिगाहर्ट्झला संपतो. टॅलीला तो ७९०० पेक्षा मंदच वाटेल.

वापरलेल्या एपिकमध्ये एक सापळा आहे. काही ब्रँडेड सर्व्हरांमध्ये प्रोसेसर पहिल्यांदा सुरू होतानाच त्या कंपनीच्या फर्मवेअरशी कायमचा बांधला जातो. तो काढून दुसऱ्या ब्रँडच्या बोर्डात घातला तर काहीच होत नाही, आणि कुलूप उघडायचा मार्ग नाही. 'अनलॉक्ड' हा शब्द बिलावर लिहून घ्या. कूलरही तपासा. रॅकमधल्या सर्व्हरचा पंखा नसलेला हीटसिंक टॉवर केसमध्ये लावला तर प्रोसेसर तापून वेग उतरवतो.

हिशेबवही
ठरलं मग: एपिक ४४६४पी, बीएमसीवाला बोर्ड, ३२ च्या दोन ईसीसी यूडीआयएमएम, दोन एंटरप्राइज एसएसडी. जोडणी करताना काय बघू?

रॅमराव
पहिल्यांदा बटण दाबल्यावर स्क्रीन काळाच राहील. डीडीआर५ ची मेमरी ट्रेनिंग, म्हणजे प्रोसेसरचं रॅमशी जुळवून घेणं, चालू असते, काही मिनिटं लागतात. लोक घाबरून मधेच बंद करतात आणि ती पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. १५ मिनिटं हात लावू नका. मग बायॉस अपडेट, नंतर रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासायचा प्रोग्राम), निदान चार फेऱ्या, आणि तो एसी बंद ठेवूनच करा. सर्व्हर बोर्डावर मेमरीचा वेग वाढवायचे प्रोफाइल दिसले तरी लावू नका, रॅम तिच्या अधिकृत वेगावरच चालवा. रॅमच्या दुरुस्त झालेल्या चुका इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हिआ-लॉगर (WHEA-Logger) या नावाने नोंदल्या जातात. महिन्यातून एकदा बघा. एकाच स्टिकच्या नोंदी वाढत असतील तर ती बदलायची, मशीन नीट चालत असली तरी.

तांब्याचीतार
यूपीएस शुद्ध साइन वेव्हचा घ्या, १ केव्हीए भरपूर झाला. पायऱ्यांच्या वेव्हचा स्वस्त यूपीएस असला की वीज जाताक्षणी नवे पॉवर सप्लाय कधी कधी बंद पडतात. यूपीएसची यूएसबी वायर मशीनला जोडा, बॅटरी ३० टक्क्यांवर आली की विंडोज आपोआप बंद होईल असं लावा, आणि बायॉसमध्ये 'वीज परत आल्यावर सुरू हो' हा पर्याय चालू करा. मशीन लावण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून न्यूट्रल आणि अर्थिंगमधलं व्होल्टेज मोजून घ्या. २-३ व्होल्टच्या वर दाखवत असेल तर आधी अर्थिंग.