सेंद्रिय भाजीत खरंच जास्त ताकद असते का?

शेवगा: सासूबाईंचं हिमोग्लोबिन ९ वर आलंय. डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेतच, पण घरात सगळ्यांचा आग्रह की पालक सेंद्रियच हवा, ‘त्यात ताकद जास्त’. जुडी ४० रुपये. मंडईत १५. म्हणून वाचायला बसले. २००९ साली लंडन स्कूल ऑफ हायजीनने ५० वर्षांतले अभ्यास चाळले, २०१२ साली स्टॅनफर्डने २३७ अभ्यास पाहिले. जीवनसत्त्वं, खनिजं यांत म्हणण्यासारखा फरक कुणालाच सापडला नाही. मग हे वरचे २५ रुपये कशाचे?

काळीमाती: ताई, अर्धंच वाचलंत. २०१४ साली इंग्लंडच्या न्यूकॅसल विद्यापीठवाल्यांनी ३४३ अभ्यास घेतले. सेंद्रिय पिकांत अँटिऑक्सिडंट जास्त निघाले, कॅडमियम हा विषारी धातू जवळजवळ निम्मा. आणि साध्या मालात फवारणीचे अंश चौपट वेळा सापडले. युरिया ओतला की पालक कसा फोफावतो ते पाहिलंय ना? पान हातभर, चव पाण्यासारखी.

शेवगा: तोच अभ्यास सांगतो की सेंद्रिय पिकांत प्रथिनं थोडी कमी असतात. ते का गाळलंत? मला लोह हवंय. पालकातलं लोह तसंही अंगी कमी लागतं, मग तो कुठल्याही खतावर वाढलेला असो. त्यापेक्षा वाण बघावं. राहुरी कृषी विद्यापीठ आणि इक्रिसॅट या पीक संशोधन संस्थेने काढलेल्या ‘धनशक्ती’ बाजरीत मुळातच लोह जास्त आहे, तीही रासायनिक खतावर घेतलेली चालते. भाकरीसोबत लिंबू पिळायचं, जेवणावर लगेच चहा घ्यायचा नाही. त्याने लोह जास्त अंगी लागतं आणि याला पैसे पडत नाहीत.

निफाडकर: मी द्राक्षवाला, सेंद्रिय नाही. ताकदीच्या बाबतीत ताईंचं बरोबर वाटतं. पण काळीमाती म्हणतात ती फवारणीची गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. २०१० साली क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशामुळे आपल्या द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले होते, नाशिकचे कितीतरी बागायतदार तेव्हा बसले. निर्यातीच्या बागेत काढणीआधी रेसिड्यू, म्हणजे फवारणीचे उरलेले अंश, तपासायला नमुना जातो. शेवटची फवारणी आणि काढणी यांत किती दिवस सोडायचे ते आम्ही वहीत लिहितो. त्याच गावातला लोकल माल मात्र सकाळी तोडून संध्याकाळी गाडीवर, नमुना कुणी मागत नाही. माझ्या घरी पोरांसाठी वेगळी ओळ ठेवलीय, तिच्यावर उशिरा काही मारत नाही. पोषणासाठी नाही ठेवली.

काळीमाती: हेच तर म्हणतोय!

शेवगा: नाही, तुम्ही ताकदीवर भांडत होता. दादांचं मला पटलं. पालक मंडईतलाच आणणार, वाहत्या पाण्यात तीनदा धुऊन. द्राक्षांचं मात्र खरंच घाबरायला झालं. दादा, पुण्यात किरकोळ विकत घेणाऱ्याने रेसिड्यूचा रिपोर्ट मागितला तर तुमचे व्यापारी दाखवतील का?

निफाडकर: आजवर एकानेही मागितलेला नाही ताई. तुम्ही मागा.