छपरावरचं पावसाचं पाणी काचसफाईला चालेल का? बोअरच्या ६४० टीडीएसला कंटाळलोय

भोसरीचा काचवाला | ९ जून, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. अठरा वर्षं प्रेस शॉपला काढली, आता काचसफाईचा छोटा धंदा आहे. मी आणि दोन पोरं. दोरीवर लटकायचं काम आम्ही घेत नाही. लांब पोल, टोकाला ब्रश, पोलातून पाणी, आणि आपण जमिनीवर. तिसऱ्या मजल्यापर्यंत आरामात जातं. रो-हाऊस, बंगले, दोन शोरूम, एक दवाखाना अशी गिऱ्हाईकं.

पोलच्या कामात काच पुसायची नसते. धुवायची आणि तशीच सोडायची. म्हणजे पाण्यात जे असेल ते काचेवरच वाळणार. ते किती आहे हे टीडीएस सांगतो, म्हणजे लिटरमागे विरघळलेले क्षार, मिलिग्रॅममध्ये. मागच्या महिन्यात रावेतला एक बंगला केला. रेझिन (पाण्यातले क्षार धरून ठेवणारे बारीक मणी) संपत आलेलं, टीडीएसचा मीटर ३८ दाखवत होता. म्हटलं, एवढ्याने काय होतंय. दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंचा फोन: "अहो, काच आधी बरी होती हो." जाऊन बघतो तर पूर्वेच्या खिडक्यांवर उन्हात पांढरे ठिपके, मीठ शिंपडल्यासारखे. पैसे मागायचं तोंड राहिलं नाही.

गाळ्यातल्या बोअरचं पाणी ६४०. ताशी २५० लिटरचा आरओ आहे, त्यातून ३५ वर येतं. पुढे २५ लिटर रेझिनची बाटली, तिथून ०. पण आरओ एक लिटर देताना दोन लिटर गटारात सोडतो. दिवसाला ३०० लिटर लागतं, म्हणजे ९०० उपसायचं. मे महिन्यात बोअर आटला की टँकर. टँकरच्या पाण्याचे दोन हिस्से गटारात जाताना बघवत नाही राव.

परवा वळीव झाला. सहज स्टीलचं पातेलं उघड्यावर ठेवलं, मीटर बुडवला, ११! मग पन्हळीखाली बादली धरली. पहिली बादली ९६, काळं पाणी. वीस मिनिटांनी १८. तेव्हापासून झोप उडालीय.

छप्पर १२०० चौरस फूट, रंगीत पत्रा, सहा वर्षांचा. आसपास फाउंड्र्या आहेत, धूळ भरपूर. पाणी किती मिळेल, सुरुवातीचं किती सोडायचं, आरओ काढून थेट रेझिनला दिलं तर चालेल का, आणि साठवलं तर टिकेल का, कुणी केलंय का हे?

---

पागोळी | १० जून, सकाळी ७:१५

दादा, मी रत्नागिरीला प्लंबिंग करतो, पावसाचं पाणी उतरवायची बरीच कामं केली आहेत. काचेतलं मला काही कळत नाही, पण पाण्याचं सांगतो.

एका चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर. तुमचं छप्पर १११ चौरस मीटर भरतं. पुण्याकडे हंगामात सातशेच्या आसपास पाऊस धरला आणि उडणारं, सांडणारं वीस टक्के सोडलं, तरी साठ हजार लिटर. तेव्हा पाणी कमी पडायची चिंता नाही, ठेवणार कुठे ती चिंता.

आता पहिलं पाणी. बरेच जण ४ इंची पाइप उभा करतात, खाली एंड कॅप लावतात आणि म्हणतात फर्स्ट फ्लश (पहिलं घाण पाणी वेगळं काढणं) झाला. त्या पाइपात मीटरला साडेआठ लिटरच मावतं. तीन मीटर पाइप म्हणजे पंचवीस लिटर, तुमच्या छपराची तेवढ्यात आंघोळसुद्धा होणार नाही. फाउंड्रीची धूळ आहे, तर दोन मिलिमीटर तरी सोडा, म्हणजे सव्वादोनशे लिटर. २०० लिटरचा निळा पिंप घ्या. पन्हळीचा पाइप टी टाकून आधी पिंपात उतरवायचा, पिंपाच्या तोंडाशी प्लास्टिकचा चेंडू. पिंप भरला की चेंडू वर येऊन तोंड बंद करतो आणि पुढचं पाणी टाकीकडे वळतं. पिंपाच्या बुडाला अर्ध्या इंची नळ बारीक उघडा ठेवा, पाऊस थांबल्यावर पिंप आपोआप रिकामा. हा नळ गाळाने तुंबतो, आठवड्याला एक काडी घाला.

पत्रा आहे ते उत्तम. सिमेंटच्या पत्र्यावरून आलं असतं तर चुना घेऊन आलं असतं. आमच्याकडे समुद्राचं वारं लागलं की पावसाच्या पाण्यालाही मिठाचा अंश येतो, तुम्हाला ती भानगड नाही.

टाकी काळीच घ्या. उजेड गेला की शेवाळ आलंच. आणि ओव्हरफ्लोच्या तोंडाला बारीक जाळी बांधा. डेंग्यूचा डास स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो, आणि आठ-दहा दिवसांत पंख फुटून बाहेर.

---

स्लाउकर | १० जून, दुपारी ३:५०

मी इंग्लंडमध्ये हेच काम करतो, नऊ वर्षं झाली. इथे पोलवरची काचसफाई म्हणजे रोजचा प्रकार. आमच्या भागात नळाचं पाणी जड, त्यामुळे गॅरेजच्या छपराचं पाणी धरणारे बरेच. माझी पिंजऱ्यातली १००० लिटरची पांढरी टाकी आहे. काळं कापड गुंडाळलंय, पहिल्या उन्हाळ्यात आत हिरवागार रस्सा झाला होता. भोसरीला भंगारात या टाक्या मिळतील, पण आधी आत काय होतं ते लेबल वाचूनच घ्या. केमिकलची असेल तर फुकटही नको.

पण काका, माझं गणित तुम्हाला लागू नाही. लंडनला वर्षाला साधारण ६०० मिमी पाऊस, पुण्यापेक्षा कमीच! फक्त तो बारा महिने रिपरिप पडतो. टाकी रिकामी होते, परत भरते, आणि काम पावसातही चालतं. तुमच्याकडे चार महिन्यांत सगळं. जुलैत तुम्हाला कामं असतात का?

अजून एक. कोमट साठलेल्या पाण्यात लेजिओनेला नावाचा जंतू वाढतो, २० ते ४५ अंशांत. पाण्याचे तुषार श्वासात गेले तर फुप्फुसाला धोका. पोलच्या ब्रशमधून जाड धार सोडा, फवारा नको, आणि सुट्टीनंतर पाइपातलं शिळं पाणी आधी काढून टाका. टाकी सावलीत.

---

भोसरीचा काचवाला | १० जून, रात्री ११:०५

जुलै-ऑगस्ट आमच्याकडे माशा मारायच्या. कोण पावसात काच धुवून घेतोय? गणपतीच्या आधी थोडं, आणि दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत एवढं काम की पोरांना डबा खायला वेळ नाही. पाणी येतं तेव्हा काम नाही, काम येतं तेव्हा पाणी नाही. हे आधी डोक्यातच आलं नव्हतं. साठ हजार ऐकून हवेत गेलो होतो.

---

पागोळी | ११ जून, सकाळी ६:५८

मग जूनचं पाणी धरूच नका. ते बोअरच्या खड्ड्यात सोडा, पुढच्या मे महिन्यात बोअरच दुवा देईल. टाकी भरायची ती सप्टेंबरअखेर, हस्ताच्या पावसावर. तोवर तीन महिने छप्पर धुऊन निघालेलं असतं. ५००० लिटरची एक टाकी तुमच्या छपरावर ५०-६० मिमीत भरते. असे दोन-तीन पाऊस परतीला पडतातच. दिवाळीच्या हंगामाचे पंचवीस दिवस गुणिले ३०० म्हणजे ७५००. दोन टाक्या, विषय संपला.

---

डीएम प्लँटवाली | ११ जून, दुपारी १:२०

कारखान्यात बॉयलरच्या डीएम (क्षार काढलेल्या) पाण्यावर माझी बावीस वर्षं गेली, त्यामुळे रेझिनबद्दल बोलायचा हक्क आहे असं समजते.

मिक्स्ड बेड रेझिनचा एक लिटर ढोबळमानाने २५ ग्रॅम क्षार धरतो. तुमची २५ लिटरची बाटली म्हणजे सहाशे ग्रॅमच्या आसपास. ६४० चं बोअर थेट दिलं तर हजार लिटरला बाटली संपली, म्हणजे तीन दिवस. आरओचं ३५ दिलं तर सतरा हजार लिटर. पावसाचं १८ दिलं तर त्याच्या दुप्पट. म्हणजे भाऊ, तुमच्या आरओपेक्षा ढगच चांगलं पाणी देतोय, आरओ लावायचं कारणच नाही. कागदावरचा आकडा पूर्ण मिळणार नाही, कारण पावसात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. तो मीटरवर फारसा दिसत नाही, पण रेझिन खातो.

मीटर जे दाखवत नाही त्यातच खरी गोम आहे. मीटर वीजवाहकता मोजतो. पानांचा रंग, माती, पक्ष्यांची घाण यांचं त्याला सोयरसुतक नाही. पाणी चहाच्या रंगाचं असलं तरी तो १४ म्हणेल आणि तुम्ही खूश व्हाल. तो रंग रेझिनच्या मण्यांना चिकटून बसतो. म्हणून आधी ५ मायक्रॉनचा कँडल फिल्टर, मग कार्बन फिल्टर, मग रेझिन.

दुसरं, सिलिका. रेझिन थकायला लागलं की सगळ्यात आधी सिलिका निसटते आणि मीटरला ती जवळजवळ कळत नाही. आपल्या काळ्या दगडातल्या बोअरमध्ये ती असतेच. कॅल्शियमचा डाग लिंबूसत्वाने जातो, सिलिकाचा जात नाही. तेव्हा मीटर ० वरून हलला की "अजून दोन दिवस काढू" हा विचार करू नका. पावसाच्या पाण्यात मुळात सिलिका नगण्य, हाही त्याचा एक फायदा.

---

भोसरीचा काचवाला | २१ ऑक्टोबर, रात्री ९:३०

धागा वर काढतोय, कारण झालं काम.

दोन काळ्या टाक्या घेतल्या, एक नवीन, एक मेहुण्याच्या बांधकामावरची. पिंप आणि चेंडू पागोळी यांनी सांगितला तसाच. चेंडू पोराचा क्रिकेटचा रबरी घेतला, तो तोंडात बसेना, बाजूने पाणी जात राहिलं. शेवटी जत्रेतला मोठा प्लास्टिकचा बसला.

ताई, तुमचा चहा मला मिळाला! शेजारच्या गुलमोहराची ती बारीक बारीक पानं कुठल्याही जाळीतून आत जातात. पहिल्या भरणीला टाकीत पाणी सोनेरी, मीटर १६. तुमचं वाचलं नसतं तर सरळ रेझिनला जोडलं असतं. ती टाकी सोडून दिली, छाटणीला शेजाऱ्याला चहाच पाजावा लागला, आणि पन्हळीत दर रविवारी झाडू. सप्टेंबरअखेरच्या दोन मोठ्या पावसांत दोन्ही टाक्या काठोकाठ. मीटर १२ आणि १३. कँडल, कार्बन, रेझिन, ०. आरओचा पंप महिनाभर बंद आहे आणि गाळ्यात एवढी शांतता की शेजारचा विचारायला आला, धंदा बंद केला का.

मागच्या टाकीच्या ओव्हरफ्लोची जाळी उंदराने कुरतडली होती. टॉर्च मारला तर आत वळवळ. हजार लिटर फुकट गेलं, आता तिथे स्टीलची जाळी आणि क्लिप.

रावेतच्या काकूंकडे परवा गेलो, फुकट करून देतो म्हटलं. जुने ठिपके लिंबूसत्वाने बरेचसे निघाले, एका काचेवर राहिलेत, ते तुमचे सिलिकावाले असावेत. बाकीच्या खिडक्या धुवून तशाच सोडल्या. काकू खुर्ची टाकून ऊन येईपर्यंत बसून राहिल्या. मग बोट फिरवलं, बोट बघितलं आणि आत जाऊन पोह्यांची बशी घेऊन आल्या. मेच्या कामाचेही पैसे दिले.

आता टाक्यांत अडीच हजार उरलंय, वसुबारसपर्यंत पुरवायचंय. स्लायडिंगच्या खाचेतला चिखल पोलने निघत नाही आणि वरून पाणी मारलं की काचेवरच ओघळतो, त्यावर कुणाकडे उपाय असेल तर वेगळा धागा काढतो.

---

स्लाउकर | २१ ऑक्टोबर, रात्री १०:१०

काढा काका. आधी खाच कोरडी ब्रशने, मग पाणी. आमच्याकडे चिखल नसतो, कोळ्यांची जाळी असतात, पण क्रम तोच.