मदत हवी आहे: भूमिज शिखराची रचना ग्रासहॉपरमध्ये कशी उतरवावी?

सप्रेम नमस्कार. मी नाशिकमध्ये वास्तुशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला असून, सिन्नरच्या गोंदेश्वर मंदिराच्या शिखरामागील रचनासूत्र ग्रासहॉपर या (राइनो या त्रिमितीय आरेखन प्रणालीतील, खोके जोडून नियम लिहिण्याच्या) साधनात संगणकीय नियमांत मांडण्याचा प्रयत्न करीत आहे. भूमिज शिखरात चार दिशांना चार लता (उभे कोरीव पट्टे) वर चढतात आणि त्यांच्यामधील प्रत्येक चतुर्थांशात लहान शिखरांच्या ओळी थरावर थर, आकाराने घटत जातात; म्हणजे एकच आकृती ठरावीक नियमाने पुन्हा पुन्हा येते. जॉर्ज स्टायनी आणि जेम्स गिप्स यांनी १९७१ मध्ये मांडलेले आकारांचे व्याकरण (ठरावीक नियमांनी आकृतीतून आकृती घडवण्याची पद्धत) वाचताना मला प्रथम हेच शिखर आठवले.

अडचण अशी की ग्रासहॉपरमध्ये माहिती एकाच दिशेने वाहते, त्यामुळे मागच्या थराचे माप पुढच्या थराला पुरवणारी आवर्तने थेट करता येत नाहीत. ॲनिमोन हे जोडसाधन वापरून थर उभे राहिले खरे, परंतु प्रत्येक थर ठरावीक गुणोत्तराने लहान केल्यास शिखर सरळ शंकूसारखे दिसते, आणि बाह्य वक्ररेषा आधी काढल्यास वरच्या थरांतील लहान शिखरे एकमेकांत घुसतात. (पहिला प्रकार तर मला आइसक्रीमच्या कोनासारखा वाटला.)

म्हणून विचारतो: थरांची उंची वक्ररेषेवरून काढावी, की उंचीच्या क्रमावरून वक्ररेषा आपोआप घडू द्यावी? हेच काम पायथनमध्ये लिहिणे अधिक सोयीचे ठरेल का? कोणी असे शिखर प्रत्यक्ष मोजून त्याची प्रतिकृती केली असल्यास, मापे कोठून घेतली तेही कृपया कळवावे.